आजोबांनी काय केलं होतं

माझी मुलगी पाच वर्षांची होती तेव्हा तिचं ठाम मत होतं की बुद्ध लपाछपी खेळतोय आणि त्याच्यावर राज्य आलंय. म्हणून त्याने डोळे मिटलेत. "किती मोजतोय?" असं मी विचारलं तर म्हणाली, "हंड्रेड. पण तो खूप स्लो मोजतो." आणि लगेच ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. मध्ये कोणी बोललं की त्याला पहिल्यापासून मोजावं लागतं म्हणे.

आम्ही तेव्हा नेपरव्हिलला भाड्याच्या घरात राहत होतो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. नवरा सकाळच्या गाडीने शिकागोला ऑफिसला जायचा आणि मी घर, पोर आणि बर्फ सांभाळायचे. हॉलमध्ये टीव्हीशेजारी पुस्तकांचं एक बुटकं कपाट होतं. त्यावर वीतभर उंचीची बुद्धाची मूर्ती आणि तिच्यामागे भिंतीला टेकवलेला एक फोटो. निळा कोट, गोल चष्मा, खिशाला पेन. हा फोटो ज्यांच्या घरात असतो त्यांना तो कोणाचा ते सांगावं लागत नाही. ज्यांच्या घरात नसतो त्यांनाही सांगावं लागत नाही. म्हणून मीही इथे नाव लिहीत नाही.

माझे वडील नागपुरात कापड गिरणीत होते. त्यांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती. एका पिढीत हे बदललं, आम्ही बौद्ध झालो, मी एमएस्सी झाले, ते त्या चष्म्यामागच्या माणसामुळे. मी अमेरिकेला निघाले तेव्हा वडिलांनी तो फोटो स्वतःच्या टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवला आणि म्हणाले, "घरात गेल्या गेल्या आधी हा लाव. भांडीकुंडी मागून." मी तसंच केलं होतं. पहिला दिवस तरी मी नीट वागले होते.

मुलीने या फोटोला आजोबा करून टाकलं. तिचे एक आजोबा ती जन्मायच्या आधीच गेले होते आणि दुसरे म्हणजे महिन्याकाठी येणारं निळं हवाई पत्र. शाळेतल्या सगळ्यांना घरात दिसणारे आजोबा होते, तिलाही हवे होते. एक दिवस तिने फोटोकडे बोट दाखवून मैत्रिणीला सांगितलं, "दॅट्स माय आजोबा," आणि मी ते खोडलं नाही. तसं ते खोटंही नव्हतं. ते नसते तर माझ्या हातात पाटी आली नसती, आणि मग ही पोरगी तरी इथे कुठून आली असती.

तिचा दिवस त्यांच्यापासून सुरू व्हायचा. दात घासून झाले की कपाटासमोर उभी राहायची, हात जोडायची, बुद्धाला काही बोलायची नाही कारण तो मोजत असायचा. आजोबांना मात्र "गुड मॉर्निंग आजोबा" म्हणायची आणि त्या दिवशीची बातमी द्यायची. आज लायब्ररी डे आहे. आज माझा लेफ्ट बूट सापडत नाहीये. मग बूट सापडायचा तेव्हा माझं नाव कुठेच नाही, सगळं श्रेय आजोबांना. मी जमिनीवर लोळून सोफ्याखालून तो काढलेला असायचा. मी चिडायचे, कारण मी मुळात चिडकीच आहे, पण मनात कुठेतरी बरं वाटायचं.

फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइन डेला, शाळेत प्रत्येकाने वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी कागदी बदाम करून न्यायचा असतो. चोवीस मुलं, चोवीस बदाम. तिने पंचविसावा केला. लाल कागदावर वाकड्यातिकड्या इंग्रजी अक्षरांत आजोबा असं लिहिलं आणि तो फ्रेमच्या कोपऱ्यात खोचून दिला. नवरा म्हणाला, "आपल्या वस्तीत कोणी हे पाहिलं तर काय म्हणेल?" मी म्हटलं, "म्हणतील, पोरगी चांगली निघाली."

मंगळवार-गुरुवारी मी कम्प्युटरच्या क्लासला जायचे, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाई तिला सांभाळायच्या. प्रेमळ बाई, रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. त्यांच्याकडे दूध-बिस्किटांच्या आधी डोळे मिटून देवाचे आभार मानायची पद्धत होती. पोरगी एके दिवशी आमच्या टेबलावर हात जोडून बसली आणि विचारलं, "आई, आपण कोणाला थँक यू म्हणायचं?" मी माझ्या वडिलांच्या तालमीत वाढलेली. सांगितलं, ज्यांच्यामुळे जेवण मिळालं त्यांना. झालं. तेव्हापासून ती एकेकाची आठवण काढून आभार मानायला लागली. आई, बाबा, शेतकरी, ट्रकवाला, दुकानातली मावशी, गाय, आणि स्कूल बसचा ड्रायव्हर, ज्याचा वरणाशी काडीचा संबंध नव्हता. भात निवून जायचा. पण त्या यादीत तिने कधी कोणाला वगळलं नाही, आणि वगळायचा विषय निघाला की मला माझाच चेहरा दिसतो, म्हणून आता तेच सांगते.

आमच्या आसपास पाच-सहा मराठी कुटुंबं होती. महिन्यातून एकदा कोणाकडे तरी पॉटलक असायचं, म्हणजे प्रत्येक घराने एकेक पदार्थ करून आणायचा. आठवडाभर मराठी बोलायला फक्त नवरा, आणि तो मुळात कमी बोलणारा, त्यामुळे त्या रविवारांवर मी जगायचे. त्यातल्या एक पुण्याच्या बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या होत्या. मी त्यांना ताई म्हणायचे, मुलगी काकू म्हणायची. इथे काकूच म्हणते. माझ्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच मला बर्फात गाडी चालवायला शिकवलं. गाडी घसरली की घाबरून ब्रेक दाबायचा नाही, हे त्यांनी मला इतक्या वेळा ओरडून सांगितलं की अजून ऐकू येतं. बाळंतपणानंतर डिंकाचे लाडूही त्यांनीच करून आणले होते. परक्या देशात मला बहीण मिळाली होती.

त्याच काकूंनी पहिल्या भेटीत विचारलं होतं, "नागपूरची का? नागपुरात कुठे?"

मी म्हटलं, "धरमपेठ."

मी इंदोऱ्याची, आमच्या लोकांच्या वस्तीतली. इंदोरा म्हटलं की नागपूर माहीत असलेल्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही, आणि धरमपेठ म्हटलं की पुढचं काही विचारावंसं वाटत नाही. आडनाव आमचं असं की दोन्हीकडे चालून जायचं. एक शब्द तोंडातून गेला, आणि मग तो सांभाळण्यासाठी बाकीचं सगळं करत बसले. त्यांच्यासारखा आमटीत गूळ घालायला शिकले. आमच्या घरी आमटीत गूळ पडला असता तर वडिलांनी ताट सरकवलं असतं. एकदा एका गृहस्थांनी जेवताना म्हटलं, "अहो, आमच्या सीटा राखीववाल्यांनी नेल्या म्हणून तर आम्हाला इथे यावं लागलं," आणि सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आमच्याकडे पॉटलकची पाळी आली की आदल्या दिवशी मी घर आवरायचे. व्हॅक्युम करायचे, बाथरूम घासायचे, आणि आजोबांचा फोटो उचलून आमच्या बेडरूमच्या कपड्यांच्या कपाटात, खालच्या फळीवर, स्वेटरांच्या मागे ठेवायचे. बुद्धाला कुंडीशेजारी सरकवायचे. तिथे तो शोभेची वस्तू वाटायचा. शोभेचा बुद्ध सगळ्यांना चालतो. नवऱ्याने एकदाच म्हटलं, "राहू दे ना." मी म्हटलं, "तू आठवडाभर ऑफिसात माणसांत असतोस. मला एवढीच माणसं आहेत." तो पुन्हा बोलला नाही. वर्षानुवर्षं हे चाललं होतं. मुलगी लहान आहे, तिच्या लक्षात येत नाही, अशी माझी समजूत होती.

इथे आणखी एक सांगायला हवं. मुलांना मारायचं नाही, चुकलं तर खोलीत पाठवायचं, हे मी शेजारच्या बाईंकडून शिकले होते. जितकं वय तितकी मिनिटं. पोरगी पाच वर्षांची, तिला पाच मिनिटं. मिनिटं संपली की बाहेर यायचं आणि सॉरी म्हणायचं. माझ्यासारखीला हा नियम फार उपयोगी पडला, कारण ती पाच मिनिटं खरं म्हणजे मलाच शांत व्हायला लागायची.

त्या फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी पाळी आमची होती. बाहेर गुडघाभर बर्फ. माणसं आली की दारात बूट काढायचे आणि जाडजूड कोट आमच्या बेडरूममधल्या पलंगावर नेऊन टाकायचे, ही तिथली सगळ्यांचीच रीत. हॉलमध्ये जागा कुठे होती? आता कोणीही विचारेल, ज्या खोलीत सगळं गाव कोट टाकायला जातं त्याच खोलीत लपवाछपवी करायची? पण कपाटाला सरकतं दार होतं आणि दुसऱ्याचं कपाट कोणी उघडत नाही. एवढा विचार मी केला होता.

जेवणं उरकली. श्रीखंडाचं पातेलं पुसून झालं. मुलं खाली बेसमेंटमध्ये खेळत होती. काकूंना लवकर निघायचं होतं, रस्ते गोठायच्या आत. त्या कोट घ्यायला आत गेल्या आणि मी त्यांच्यासाठी डब्यात वड्या भरत होते. आतून त्यांचा आवाज आला, "अगं, तू इथे अंधारात काय करतेयस?"

मी डबा तसाच ठेवून धावले.

कपाटाचं दार उघडं होतं. स्वेटर बाजूला सारून माझी मुलगी आत मांडी घालून बसली होती. मांडीवर फोटो, चेहरा बाहेरच्या बाजूला, लाल बदाम अजून कोपऱ्यात. शेजारी कागदी प्लेटमध्ये एक पुरी आणि श्रीखंडाचा गोळा, आणि त्या पुरीचे दोन सारखे तुकडे केलेले.

ती काकूंना अगदी शांतपणे समजावत होती. "आजोबांना त्यांच्या रूममध्ये पाठवलंय. दे आर इन ट्रबल. मी कंपनी देतेय."

काकूंनी फोटोकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. धरमपेठ, आमटीतला गूळ, सगळं एका क्षणात. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी त्यांना म्हटलं, से सॉरी," मुलगी पुढे म्हणाली, आता मला उद्देशून. "पण त्यांना माहीतच नाही, व्हॉट दे डिड. आई, आजोबांनी काय केलं?"

त्या वेळी मी काहीही सांगू शकले असते. फ्रेम पुसायची होती म्हणून आत ठेवली. काच सैल झाली होती. काकूही सभ्य बाई, त्यांनी ते मान्य केल्यासारखं दाखवलं असतं आणि मला बहीण राहिली असती, बर्फातली आणि डिंकाच्या लाडवांची. माझ्या जिभेवर ते वाक्य आलंही होतं. पण पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दोन वर्षं ती या माणसाला रोज सकाळी बातम्या सांगत होती, आणि दर थोड्या महिन्यांनी माणसं यायची असली की त्याला शिक्षा व्हायची. मी आणखी एकदा खोटं बोलले असते तर तिच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली असती, की आजोबांनी काहीतरी वाईट केलंय.

मी म्हटलं, "त्यांनी काहीच केलं नाही."

"मग कोणी पाठवलं?"

"मी."

"का?"

"मला भीती वाटली. लोक काय म्हणतील याची."

तिने थोडा विचार केला. मोठ्यांना भीती वाटते ही तिला नवीन बातमी असावी. मग म्हणाली, "दॅट्स नॉट फेअर. मग तू रूममध्ये जायचं. आजोबा कॅन कम आउट."

आणि फोटो छातीशी धरून, चेहरा समोर करून, ती निघाली. मी तिला अडवू शकले असते. तिच्या वाटेत मीच उभी होते. मी बाजूला झाले. ती पॅसेजमधून हॉलमध्ये गेली, आणि तिथली बोलणी एकेक करत थांबत गेलेली मला आत ऐकू आली. नंतर नवऱ्याने सांगितलं की त्याने उठून कपाटावरची पुस्तकं बाजूला केली, बुद्धाला कुंडीजवळून परत आणलं आणि तिला उचलून फोटो तिच्याच हाताने जागेवर ठेवायला लावला. तोंडातून एक शब्द काढला नाही. त्याचा कमी बोलण्याचा स्वभाव मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

पोरगी परत आली ती स्वयंपाकघरातला टायमर घेऊन. "तुझं वय किती?"

"एकतीस."

"थर्टी-वन मिनिट्स," म्हणून तिने काटा फिरवला आणि गेली. मी पलंगावर बसले, कोटांच्या ढिगावर.

आता गंमत अशी की ज्यांना जायचं होतं त्यांना कोट हवे होते, आणि कोट माझ्याखाली होते. एकेक जण आत येऊ लागला. सीटा गेलेले गृहस्थ आले, माझ्याकडे न बघता स्वतःचा काळा कोट ओढायला लागले. बाही माझ्या पायाखाली अडकली होती. मी उठले नाही. थोडी सरकले एवढंच. "येतो," ते म्हणाले. "या," मी म्हटलं. त्यांच्या बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं, पण ठेवला नाही. एका तरुण मुलीने, जी नुकतीच लग्न होऊन आली होती, कोट घेताना अगदी हळू सांगितलं, "माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीच्या घरी आहे हा फोटो," आणि पळाली. ढीग कमी होत गेला. मी इतकी वर्षं या माणसांची पाठवणी हसतमुखाने दारात उभी राहून करत होते. त्या दिवशी तशीच बसून केली, आणि खरं सांगायचं तर हलकं वाटत होतं. भीती गेली नव्हती आणि तरी हलकं वाटत होतं.

शेवटी काकू आल्या. त्यांचा एकच कोट उरला होता. तो उचलून त्या माझ्या शेजारी बसल्या.

"धरमपेठ नाही तर मग?"

"इंदोरा."

"मला खोटं सांगितलंस. माझ्याशी." त्यांचा आवाज दुखावलेला होता.

तेव्हा माझा चिडका स्वभाव उसळून वर आला. मी म्हटलं, "ताई, इंदोरा सांगितलं असतं तर गाडी शिकवली असती?"

त्यांनी लगेच 'हो' म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. त्यांनी बसल्या बसल्या कोट अंगात चढवला, एकेक बटण लावलं. मग म्हणाल्या, "माहीत नाही गं." आणि उठून गेल्या.

पुढचं इथेच सांगून टाकते. त्या पाच-सहांतल्या दोन घरांतून नंतर फोन आला नाही. मी त्यांची वाट पाहिली, रडले, नवऱ्यावर उगीच खेकसले, आणि मग सवय झाली. काकू तीन आठवड्यांनी एका सकाळी न कळवता आल्या. बूट काढून कपाटासमोर अवघडून उभ्या राहिल्या आणि मुलीला विचारलं, "काय म्हणायचं असतं यांना?" ती म्हणाली, "जस्ट गुड मॉर्निंग." त्यांनी म्हटलं. आमचं नातं पूर्वीसारखं सहज पुन्हा झालं नाही, पण खोटंही राहिलं नाही. मला ते चाललं.

पण त्या रविवारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. टायमर वाजला तेव्हा घर रिकामं झालं होतं. हॉलमध्ये खरकट्या प्लेटा, दारात वितळलेल्या बर्फाची थारोळी. नवरा फडकं घेऊन ती पुसत होता. बुद्ध आपल्या जागी डोळे मिटून बसला होता. त्याने हे सगळं होऊ कसं दिलं, असं मी मुलीला विचारलं, तर म्हणाली, "ही डिडन्ट सी. तो मोजत होता ना."

मग माझा हात धरून तिने मला फोटोसमोर नेऊन उभं केलं. "आता सॉरी म्हण."

मी म्हटलं, "सॉरी, आजोबा."

"मराठीत. ते आजोबा आहेत."

माझ्या डोळ्यांसमोर वडिलांचा तो टॉवेल आला. मी हात जोडले आणि म्हटलं, "चुकले मी. पुन्हा नाही करणार."

मला वाटलं, आता सुटले. तिला सॉरी म्हटल्यावर मी लगेच जवळ घ्यायचे, तसं काहीतरी होईल. पण ती फोटोकडे बघत राहिली. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही," ती म्हणाली. "ते विचार करतायत."